सव्वा सेकंद वापरलेली रायफल

स्वीडनमधल्या बंदुकीच्या दुकानात एका भिंतीला नव्या रायफली असतात आणि दुसऱ्या भिंतीला जुन्या. जुन्या म्हणजे पन्नास, सत्तर, एखादी शंभरी ओलांडलेली. मूसच्या शिकारीचा हंगाम देशाच्या उत्तरेत सप्टेंबरात आणि दक्षिणेत ऑक्टोबरात उघडतो. त्याआधी शिकारीची परीक्षा नुकतीच पास झालेला एखादा पोरगा दुकानात येतो, नव्या मालाच्या किमती वाचतो आणि मुकाट्याने जुन्या भिंतीकडे सरकतो. तिथे त्याला १९५०च्या दशकातली हुस्कवार्ना मिळते, तीही अशा भावात की तिच्यावर बसवायची दुर्बीण तिच्याहून महाग पडावी.

हुस्कवार्ना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मोटरसायकल येते, आणि ते बरोबरच आहे. या नावाच्या मोटरसायकली आपल्या चाकणमध्ये तयार होतात. पण हुस्कवार्ना हे मुळात स्वीडनमधलं गाव, आणि १६८९ साली त्या गावात कारखाना उभा राहिला तो स्वीडनच्या राजाच्या फौजेला बंदुका पुरवण्यासाठी. शिवणयंत्रं, सायकली, मोटरसायकली, लाकूडतोडीच्या करवती ही सगळी मागाहून आलेली भावंडं. मोटरसायकलच्या टाकीवर एक मुकुटासारखं चिन्ह दिसतं ना? ते बंदुकीच्या नळीकडून पाहिलेल्या नेमाच्या दर्शकाचं चित्र आहे. चाकणच्या रस्त्यावर ते रोज फिरतं आणि कोणाला पत्ता नसतो.

तर प्रश्न असा, की जिच्यात आपल्या गालापासून वीतभर अंतरावर स्फोट होणार आहे, अशी वस्तू सत्तर वर्षं जुनी कोणी का घ्यावी? आणि घेणारा शहाणा कसा?

याचं उत्तर एका गणितात आहे. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन दोनदा करून पाहिलं होतं. शिकारी रायफलीची नळी साधारण ६० सेंटिमीटर लांब. गोळी जागची हलते तेव्हा तिचा वेग शून्य आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे गोळी नळीत असते ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळ. शिकारी माणूस काही रोज गोळ्या झाडत नाही. हंगामाआधी नेम तपासायला काही, मग जंगलात एखाददुसरी. वर्षाला वीस धरू. पन्नास वर्षांत झाल्या हजार. हजार गोळ्या गुणिले तो सहस्रांश सेकंद आणि वरचा थोडा, उत्तर येतं सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी वापरलेली, नातवाने विकायला काढलेली रायफल प्रत्यक्ष कामावर होती ती एवढीच. उरलेली पन्नास वर्षं ती कपाटात उभी होती, नाहीतर खांद्याला लटकून पावसात फिरत होती.

म्हणून जुनी शिकारी रायफल गोळ्यांनी क्वचितच झिजते. तिला झिजवतात ते माणसाचे हात, पाऊस, मीठ आणि साफसफाईचा चुकीचा उत्साह. एकदा हे डोक्यात बसलं की रायफल बघायची कशी ते आपोआप सुचतं.

अर्थात तो सव्वा सेकंद काही साधासुधा नसतो. स्वीडनच्या आवडत्या ६.५ × ५५ या काडतुसात दारू पेटल्यावर जो दाब तयार होतो त्याची मान्य कमाल मर्यादा ३,८०० बार आहे. महासागराच्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब ११०० बारच्या आत असतो. त्याच्या साडेतीनपट दाब करंगळीएवढ्या पितळी नळकांड्यात, आणि दारूच्या ज्वाळेचं तापमान पोलाद वितळायच्या तापमानाहून कितीतरी वर. पोलाद वितळत नाही ते केवळ वेळ मिळत नाही म्हणून. नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खाचा सुमारे २०० मिलिमीटरमध्ये एक वेढा पुरा करतात. गोळी त्यांना धरून फिरत जाते आणि बाहेर पडताना सेकंदाला ४,००० गिरक्या घेत असते. मिनिटाच्या हिशेबात दोन लाख चाळीस हजार. तेवढ्या गिरकीमुळेच ती हवेत कोलांट्या न खाता नाकासमोर जाते.

हा दाब पुढे गोळीला ढकलतो तसा मागे काडतुसाच्या बुडालाही ढकलतो. बुडाचं आतलं क्षेत्रफळ धरून हिशेब केला तर जोर येतो तीन टनांच्या आसपास. पितळी नळकांडं फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट धरतं, त्यामुळे त्यातला काही जोर तिथेच अडतो. बाकीचा सगळा बोल्टवर. आणि बोल्टच्या मागे, काही इंचांवर, नेम धरणाऱ्याचा डोळा.

हा बोल्ट म्हणजे दाराची कडी. पुढे सरकवायची, मूठ खाली फिरवायची, दार बंद. गंमत अशी की ही कडी बंदुकीला पहिल्यांदा यशस्वीपणे लावणारा प्रशियाचा योहान निकोलाउस फॉन ड्रायझे हा खरोखरच कुलपं करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. त्याची ‘सुईची बंदूक’ प्रशियाच्या फौजेने १८४१ साली स्वीकारली. तोवर सैनिक उभं राहून नळीच्या तोंडातून दारू ठासत होता. आता तो आडवा पडून मागच्या बाजूने काडतूस घालू लागला.

पण ड्रायझेच्या कडीतून गरम वायू मागे यायचा. ते दुखणं बरं करायला पुढची पन्नासेक वर्षं लागली, आणि ज्याने ते बरं केलं तो नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावचा पॉल माउझर. १८९८ साली जर्मन फौजेने घेतलेलं त्याचं मॉडेल हातात धरून पाहावं असं आहे. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन जाड पोलादी कान. मूठ फिरवली की ते रिसीव्हरमधल्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घरातल्या, खोबणीत जाऊन बसतात, आणि ते तीन टन या दोन कानांवर तोलले जातात. मागे तिसरा कान आहे. तो एरवी कशालाच टेकत नाही. पुढचे दोन तुटले तरच त्याचं काम. काडतुसाचं बूड फाटलंच तर वायू चेहऱ्याकडे न येता डावीकडे बाहेर जावा म्हणून बोल्टच्या अंगाला दोन भोकं पाडलेली, आणि तरीही जो काही मागे येईल त्याच्यासाठी बोल्टच्या शेपटाला रुंद कड. बाजूला लांब पोलादी पंजा आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणीच तो त्याची कड पकडतो आणि रिकामं नळकांडं बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, तिरपी धरा, काडतूस पडत नाही.

इतका काटेकोर विचार करणाऱ्या या माणसाचा एक डोळा १९०१ साली चाचणीत गेला. या बोल्टने नव्हे, त्याच्याच एका नव्या स्वयंचलित रायफलीच्या नमुन्याने.

अमेरिकेने आपली १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा तिच्यात माउझरच्या कल्पना इतक्या उघड होत्या की तिथल्या सरकारला त्याच्या कंपनीला दोन लाख डॉलरपर्यंत स्वामित्वशुल्क द्यायचं कबूल करावं लागलं. लंडनच्या रिग्बीने माउझरचेच बोल्ट घेऊन देखण्या शिकारी रायफली बांधल्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ रिग्बी त्यातलीच. तिचं काडतूस म्हणजे माउझरचं ७ × ५७, इंग्रजी नावाने. ती रायफल २०१५ साली रिग्बी कंपनीनेच परत मिळवली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सेकंडहँड रायफलींपैकी ती एक म्हणायला हरकत नाही.

आज नवी रायफल घेतली तरी तिच्या पोटात बहुधा याच रचनेचा वंशज असतो. पंजा आखूड झाला, काही कान वाढले, भोकांच्या जागा बदलल्या. सव्वाशे वर्षांत यापलीकडे फार काही झालं नाही, कारण करण्यासारखं फार उरलंच नव्हतं. जुन्या भिंतीवरची रायफल कालबाह्य वाटत नाही ती यामुळे.

आता ती हातात घेऊ. जाणता दुकानदार रायफल देण्याआधी बोल्ट उघडतो, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने बघतो, बोट घालून चाचपतो आणि मगच पुढे करतो. घेणारा तेच सगळं पुन्हा करतो. दोघांपैकी कोणी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडून घेऊ नये.

नवखा माणूस बाहेरून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. नळीवरचा निळसर काळा मुलामा जिथे रायफल एका हाताने तोलून धरतात तिथे उडून पोलाद पांढरं पडलेलं असतं. दस्त्याला ओरखडे, मुठीच्या जागी लाकूड घामाने काळवंडलेलं. बघणारा नाक मुरडतो. पण हे तर ती पुष्कळ फिरवल्याचे आणि थोडी झाडल्याचे पुरावे! मला उलट भीती वाटेल ती सत्तर वर्षांची असून चकाचक दिसणाऱ्या रायफलीची. मुलामा नवा चढवलाय, म्हणजे आधी पॉलिश झालं. पॉलिश झालं म्हणजे काहीतरी खरवडून काढलं. आणि जे काढलं तो बहुतेक गंज होता. अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात का, स्क्रूच्या भोकांभोवती पोलाद किंचित खोलगट झालंय का, हे बघितलं की चोरी पकडली जाते.

बोल्ट-अ‍ॅक्शनचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य पुढे आहे. एक कळ दाबून बोल्ट मागे ओढला की तो अख्खा हातात येतो आणि नळी आरपार मोकळी होते. तोंडाशी पांढरा कागद धरायचा, मागून बघायचं. आत खाचांचे वेढे दूरवर गोल फिरत गेलेले दिसतात. कडा धारदार आणि तळ आरशासारखे असतील तर नळी उत्तम. मधेच काळपट ठिपके दिसले तर ते मळाचे की खड्ड्यांचे, हे चिंधी ओढून बघावं लागतं. मळ निघतो. खड्डे राहतात. चेंबरच्या लगेच पुढचा इंच-दीड इंच मात्र निरखून पाहायचा, कारण पुष्कळ झाडलेल्या रायफलीत ज्वाळेचा पहिला तडाखा तिथे बसतो आणि पोलादाला उन्हाने भेगाळलेल्या तळ्याच्या गाळासारखं जाळं पडतं. साध्या डोळ्याला तिथे नुसता धुरकटपणा दिसतो; बारीक कॅमेरा आत सोडला की जाळं उघडं पडतं.

मग तोंडाकडचं टोक. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवतीने सुटतो, आणि तो चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. कडेला केसाएवढी खोच पडली असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढुशी बसते. ही कड बिघडवणारे सहसा काळजीवाहू मालक असतात. साफसफाईची पोलादी सळई मागून घालायची सोडून तोंडातून घालतात, आणि वर्षानुवर्षं ती कडेवर घासत राहते.

स्वीडनमधल्या जुन्या लष्करी रायफलींनी तर हे सगळं तपासणं जवळजवळ घेणाऱ्याच्या वतीने करून ठेवलंय. १८९६ची स्वीडिश माउझर आधी ओबर्नडॉर्फमध्ये, मग एस्किल्स्टुनाच्या कार्ल गुस्ताफ कारखान्यात, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हुस्कवार्नामध्ये बनली. तिच्या दस्त्याच्या उजव्या बाजूला स्क्रूने बसवलेली पितळी चकती असते. चकतीचे तीन भाग. मोठ्या भागात आकड्यांची ओळ आणि त्यातल्या एका आकड्यावर ठोकलेला छोटा त्रिकोण. तो सांगतो की सैन्याच्या कारागिराने गेज घालून मोजला तेव्हा नळीचा आतला व्यास ६.५ मिलिमीटरच्या पुढे किती शतांश भरला. दुसऱ्या भागात, नव्या प्रकारच्या काडतुसाने गोळी नेमापेक्षा किती वर लागते त्याची नोंद. तिसऱ्यात नळीच्या प्रकृतीचा शेरा. एक म्हणजे उत्तम. दोन म्हणजे थोडे डाग. तीन म्हणजे डाग जास्त, पण अजून कामाची. एका शतांश मिलिमीटरचा हिशेब पितळेवर ठोकून सैनिकाच्या दस्त्यावर बसवून देणारी फौज मला फारच आवडते. फक्त लक्षात ठेवायचं, की शेरा त्या दिवसाचा आहे आणि स्क्रू कोणालाही काढता-घालता येतो. चकती ‘एक’ म्हणत असली तरी कागद धरून आत बघायचंच.

सैन्यातून निघालेल्या अशा कित्येक रायफलींचे दस्ते कापून, नळ्या आखूड करून त्या शिकारी केल्या गेल्या. हे काम करणाऱ्यांत स्टिगा नावाची कंपनी होती. हो, टेबल टेनिसवाली स्टिगा.

बोल्ट परत घालताना दोन पिढ्यांतला फरक हाताला कळतो. १८९६च्या रायफलीचा बोल्ट सुरळीत पुढे जातो आणि शेवटच्या दीड इंचात अडल्यासारखा होतो, कारण तिथे आतली स्प्रिंग ताणली जाते. १८९८च्या घराण्यात तेच काम मूठ वर उचलताना होतं, म्हणून पुढे ढकलताना काही लागतच नाही. स्वीडिश रायफलीत तो तिसरा कानही नाही. नळी तितकीच चांगली असली तरी तिला मर्यादेतच वागवावं, हे माहितगार सांगतात ते यासाठी.

आणि बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरच्या क्रमांकाशी जुळतोय का? हा प्रश्न सरकारी कागदांचा वाटतो, आहे मात्र फिटरचा. बोल्ट बंद झाल्यावर त्याचा चेहरा आणि चेंबरमधला टेकू यांच्यात काडतूस किती सैल बसतं, हे कारखान्यात जोडी लावून जमवलेलं असतं. जागा जास्त झाली की प्रत्येक बारात पितळ ताणलं जातं आणि एक दिवस फाटतं. हे तपासायला पोलादाची दोन खोटी काडतुसं असतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होताच कामा नये. .३०-०६ या काडतुसाच्या बाबतीत या दोन्हींच्या लांबीतला फरक ०.१५ मिलिमीटर आहे. जीव राखणारी जागा ती एवढी.

आता मिठाकडे. जुन्या नळ्यांचा खरा वैरी तेच, आणि ते कुठून आलं ही विज्ञानातली एक छान गुप्तहेरकथा आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीभर पसरायचं. हे आपल्या खाण्यातल्या मिठाचं सख्खं भावंड; हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलाद खातं. सैनिक मन लावून तेलाने नळी पुसायचे, तरी आठवड्याने गंज. दोष दारूला दिला जायचा. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या खाण विभागातल्या विल्बर्ट हफने दाखवून दिलं की दारू निर्दोष आहे आणि गुन्हेगार मीठ आहे. आणि मीठ तेलात विरघळत नाही! वरून तेल लावणं म्हणजे त्याला पांघरूण घालणं. ते विरघळतं साध्या पाण्यात. ब्रिटिश फौजांत नळीत उकळतं पाणी ओतायची रीत होती, ती बरोबर निघाली. आपल्या खडकीच्या कारखान्यात बनलेली, बुडावर के आणि एफ ही अक्षरं असलेली .३०३ची काडतुसं आजही परदेशात जुन्या साठ्यांत सापडतात, आणि जाणकार ती झाडल्यावर आधी गरम पाण्याची किटली शोधतात.

इतकं सगळं वाचून जुनं ते सोनं असं कोणाला वाटायला लागलं असेल तर स्प्रिंगफील्डची हकिकत ऐकावी. १९०३च्या त्या अमेरिकी रायफलींचे काही रिसीव्हर पहिल्या महायुद्धाच्या काळात काचेसारखे फुटले. चौकशीत कारखान्याची भट्टी पुढे आली. पोलाद किती तापवायचं हे तिथले मुरलेले कारागीर रंग बघून ठरवत. लालबुंद, त्याहून किंचित पिवळं, बस्स. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. तापमान मोजायचं यंत्र लावलं तेव्हा उघड झालं की लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांच्या डोळ्याला ‘बरोबर’ वाटणारं पोलाद ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असायचं. खिडकीतून उजेड जास्त, म्हणून पोलाद फिकं दिसायचं, म्हणून अजून तापवायचं, आणि ते ठिसूळ व्हायचं. हे ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलंय. १९१८मध्ये पद्धत बदलली. म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कारखान्याचा क्रमांक ८,००,०००च्या खालचा किंवा रॉक आयलंड कारखान्याचा २,८५,५०७च्या खालचा असेल तर जाणता माणूस रायफल भिंतीवर टांगतो, खांद्याला लावत नाही. यांतल्या कित्येक पुढे सुंदर अक्रोडी दस्ते लावून शिकारी रायफली म्हणून विकल्या गेल्या. वरून काही कळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मॅसॅच्युसेट्समधलं हवामान आज फक्त त्या क्रमांकातून वाचता येतं.

जर्मन रायफलींच्या नळीवरही असंच वाचनीय साहित्य असतं. तिथे प्रत्येक रायफल सरकारी चाचणीघरात मान्य दाबाच्या सव्वापट दाबाची काडतुसं उडवून तपासतात आणि मग शिक्का मारतात. उल्म शहराच्या चाचणीघराचा शिक्का म्हणजे हरणाचं शिंग. सोबत दोन अक्षरं दिसली तर ते चाचणीचं वर्ष असू शकतं: ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं मोजत जायचं आणि जे हे अक्षर गाळायचं. एच-एफ दिसलं तर १९७५.

लाकडाबद्दल थोडक्यात. दस्ता मुठीच्या मागे, जिथे पोलादाची शेपटी लाकडात शिरते, तिथे चिरलेला नाही ना एवढं बघावं. बाकी ओरखडे सोडून द्यावेत. चापाची परीक्षा मात्र चुकवू नये. रिकाम्या रायफलीला सेफ्टी लावायची, चाप ओढून सोडायचा, मग सेफ्टी काढायची. त्या क्षणी आतून ‘टक्’ आला, तर कोणी तरी चाप हलका करायच्या नादात आत कानस चालवली आहे. रायफल परत भिंतीवर.

सौदा पटला तरी स्वीडनमध्ये ती लगेच घरी नेता येत नाही. परवाना माणसाला सरसकट मिळत नाही, त्या एका रायफलीपुरता मिळतो. म्हणून आधी रायफल ठरवायची, मग तिच्या क्रमांकासह पोलिसांकडे अर्ज करायचा आणि तोवर ती दुकानातच ठेवायची. घरी पोलादी कपाट हवं. किती रायफली बाळगता येतील यालाही मर्यादा आहे, आणि जुन्या भिंतीवरच्या स्वस्ताईचं मोठं कारण माझ्या मते हेच. कपाटातली जागा ठरावीक, आणि आताच्या शिकाऱ्याला तोंडाला आटे पाडलेली, आवाज दाबणारं नळकांडं बसवता येईल अशी नळी हवी असते. आजोबांची हुस्कवार्ना मग वाईट नसूनही बाहेर पडते.

आपल्याकडे हा बाजारच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. पण जुन्या परवान्याच्या घरांत दिसणारी .३१५ची रायफल बोल्टवाल्यांच्याच गोतातली आहे, आणि तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिकरवरून आलेलं. इंग्रजांना सामान्य माणसाच्या हातात फौजेचं .३०३ काडतूस चालेल अशी बंदूक नको होती, म्हणून हा आडवळणाचा आकार. कानपूर-इशापूरच्या कारखान्यांनी तो स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवला.

आकारावरून शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यांत धोक्याचा. रायफल निर्दोष, भाव उत्तम, पण ती कुठलं काडतूस खाते? जुन्या हुस्कवार्नांत ९.३ × ५७ पुष्कळ दिसतं. ते बनवणारे आता मोजके आहेत, आणि ९.३ × ६२ हे भलतंच वेगळं काडतूस आहे. नळीवरचं नाव वाचून समाधान मानू नये, कारण मधल्या सत्तर वर्षांत कोणीतरी चेंबर मोठं करून घेतलं असेल आणि शिक्का तसाच ठेवला असेल. शंका असेल तर बंदूकमिस्त्री चेंबरचा साचा काढतो. त्यासाठी सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू मिळतो, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसमध्येच वितळतो, म्हणजे पाणी उकळायच्याही आधी. नळीत चिंधीचं बूच मारून चेंबरमध्ये तो ओततात. पहिल्या अर्ध्या तासात तो किंचित आकसतो, त्यामुळे हलकेच ठोकला की सुटून येतो. मग तो पुन्हा फुगायला लागतो, आणि ओतल्यापासून बरोबर तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाइतकं असतं. मिस्त्री घड्याळ लावून बसतो, तास झाला की मापं घेतो आणि लगेच वहीत लिहितो, कारण तो धातू पुढे कित्येक दिवस हळूहळू फुगतच राहतो आणि उद्या घेतलेलं माप चुकीचं निघतं.